टिंब

शाळा बंद ठेवायचा आदेश सकाळी आला,
उघडायचा संध्याकाळी.
बाहेरून येणाऱ्यांना चौदा दिवस ठेवायला
गावाला खोल्या हव्या होत्या.
मी किल्ली ग्रामसेवकाकडे दिली.
बाकं व्हरांड्यात गेली,
पाचवीच्या वर्गात सहा अंथरुणं पडली.

आमच्या खानापूर तालुक्यात
घरटी एक माणूस गलाईला.
दुसऱ्याचं सोनं आटवायचं, राखेतून कण वेचायचा,
गावाकडं यायचं ते जत्रेपुरतं.
शहाजी मुळीक त्रिशूरहून टेम्पोतून आला,
हातावर शिक्का, बोटं तेजाबानं पिवळी,
आणि निजला नेमका
वेदिकाच्या बाकाच्या जागी.
तिनं भिंतीवर करकटकानं कोरलेलं नाव
त्याला तिसऱ्या दिवशी सापडलं.
"बाई, हिला रागावला न्हाई तुम्ही?"
खिडकीतून विचारलं त्यानं.
रागावले होते. सांगितलं नाही.

वरून निरोप : धडे मोबाईलवर पाठवा.
माळवाडीत रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीवर.
आता टाकीवर कुणाच्या लेकराला चढवू?
दशांश अपूर्णांक तेवढे राहिले होते.
मी हे गेटापाशी उभी राहून
नुसतं बोलले, तोंडावर पदर दुहेरी घेऊन.
शहाजी म्हणाला, "एक खडू द्या."

त्याच्या बायकोनं, कुसुमनं,
करंजाखाली फक्कीनं वर्तुळं आखली,
काठीनं मापून, एकात एक पोर.
आत फळा, मध्ये गज, बाहेर पाचवी.

"सोनं एकशेसोळा ग्रॅम.
मुशीत चिकटलं शून्य पॉइंट शून्य चार.
ह्यातला कुठला शून्य टाकून दिला तर चालंल?"
"मधला!" कुणीतरी ओरडलं.
"मग मालक पोलीस आणंल, बाळा.
टिंबाच्या मागं बसलेला शून्य
गरीब दिसतो, पण हिशेब त्याच्या हातात असतो."
हे माझ्या पुस्तकात नव्हतं.
मी वहीत उतरवून घेतलं.

आठव्या रात्री
शेजारच्या अंथरुणावरचा अंकुश
ॲम्ब्युलन्समधून मिरजेला गेला.
सकाळी फळा कोरा.
शहाजी भिंतीकडं तोंड करून.
पोरं आपापल्या वर्तुळात, गप.
घरी जा म्हणायला मी तोंड उघडलं,
तेवढ्यात कुसुम,
चौथीतून शाळा सुटलेली,
विट्याच्या बाजारात मिरची तोलून शिकलेली,
डबा खाली ठेवून म्हणाली :
"एक पाव?"
पोरांना पावकी कुठली येतेय.
तिचं तिनंच उत्तर दिलं : "पाव."
"दोन पाव?"
"अर्धा," वेदिका म्हणाली, हळू.
"तीन पाव?"
"पाऊण!"
आणि आतून, घोगरं, बऱ्याच वेळानं :
"पॉइंट पंच्याहत्तर."

बायको पावानं विचारत राहिली,
नवरा टिंबानं सांगत राहिला,
मध्ये पोरं.
अठ्ठावीस वर्षं शिकवतेय मी.
त्या दिवशी डबा गार होईस्तोवर
कुणी मला काही विचारलं नाही,
आणि बरं वाटलं.

अंकुश बाविसाव्या दिवशी परतला,
निम्मा होऊन.
जिन्याच्या दोन पायऱ्या चढला की बसतो.

महिनाअखेरीला हजेरीपट भरायचा होता.
सगळ्या नावांपुढं आडवी रेघ.
तळाशी मी एक ओळ वाढवली :
मुळीक शहाजी, पाचवी, हजर दिवस चौदा.
पेन्सिलीनं लिहिली,
साहेबांनी विचारलं तर खोडता यावी म्हणून.
अजून कुणी विचारलं नाही.