जुनं वाजवा

गाडी मी चालवायचे.
मागे ड्रम, दोन ॲम्प, ओल्या लोकरीचा वास
आणि तिघं, जी एकाच मंगळवारी त्या बँडमधून बाहेर पडली.
हाकलली की निघाली, यावर त्यांचं अजून एकमत नाही.
त्या बँडचं नाव मी इथेही लिहिणार नाही.

चौथा गिअर पडायचा नाही.
म्हणून नाव ठेवलं कोल्मोनेन : तिसरा गिअर,
किंवा नुसतंच तीन.
माझा भाऊ ओस्मो म्हणाला, निदान खोटं तरी नाही.

केमीच्या कामगार हॉलबाहेर पोस्टर होतं.
जुन्या बँडचं नाव हातभर,
'माजी' मुंगीएवढं,
आमचं नाव खाली, कॉफीच्या दराशेजारी.
दुसऱ्या गाण्यालाच मागून कुणीतरी ओरडलं,
जुनं वाजवा!
ते जुनं ओस्मोनंच लिहिलेलं,
आईच्या टेबलावर, विजेच्या बिलाच्या पाठीवर.
पण कागदोपत्री त्यांचं. आणि ओस्मो हट्टी.
वेइयोनं उत्तरादाखल इतका वेळ ड्रम बडवले
की व्यवस्थापकानं हॉलचे दिवे लावले.

एक रेकॉर्ड निघाली. पाचशे प्रती.
एकशे बारा खपल्या, त्यातल्या नऊ मावशीनं घेतल्या.
उरलेल्या सौनाशेजारच्या खोलीत ठेवल्या;
उन्हाळ्यापर्यंत कडा वर आल्या, वाटीसारख्या.
आई एकीत कपड्यांचे चिमटे ठेवते.

शेवटचा कार्यक्रम हाइलुओतो बेटावर, मार्चमध्ये.
ओउलूहून समुद्रावरून गेलो, गोठलेल्या.
बर्फावर पट्टा बांधायचा नसतो,
खाली गेलो तर उडी मारता यावी म्हणून.
वेगही बेताचाच ठेवायचा.
आमच्या गाडीला पहिल्यांदाच
मागून कुणी हॉर्न दिला नाही.

शाळेच्या व्यायामशाळेत एकोणीस माणसं, एक कुत्रा.
कुणी काही ओरडलं नाही.
म्हणूनच असेल, ओस्मोनं शेवटी ते जुनं सुरू केलं,
न सांगता, फार सावकाश.
तूलिक्कीला बासची ओळ आठवेना.
तिनं बोटं तारांवर नुसती ठेवली.
पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं शेजारणीला विचारलं,
हे कुणाचं गं?

परतताना कुणी पट्टा बांधला नाही,
किनारा लागल्यावरही.

बँड मोडला असं कुणी म्हटलं नाही.
पुढच्या शनिवारी मी गाडी काढली,
इंजिन तापवलं, थांबले,
मग इंजिन बंद केलं.

ती गाडी आता राहेतल्या एका मासेवाल्याकडे असते.
चौथा पडतो, म्हणाला.
जरा जोरात दाबावा लागतो, इतकंच.