मर्यादेत

डॅशबोर्डवर पिवळं कासव उगवलं
ऐरोलीच्या सिग्नलला, दीड महिन्यापूर्वी.
भाचा म्हणतो, ते हेलिकॉप्टर आहे.
पहिल्या गॅरेजवाल्याने त्यावर काळी पट्टी डकवली,
नखाने कडा दाबून, नीट,
"मॅडम, आता काही त्रास नाही."

खरंच नव्हता.
फक्त टाकी लवकर रिकामी व्हायची
आणि गाडी थांबली की मागून
सडक्या अंड्याचा वास पुढे यायचा.
वासांचं मला कोण सांगणार?
बावीस वर्षं रबाळ्याच्या कंपनीत
धुराड्याचे आकडे लिहिलेत मी.

पीयूसीवाल्याने नळी खुपसली.
शून्य पूर्णांक तीनच्या आत हवं,
आलं एक पूर्णांक नऊ.
"दोनशे जास्त द्या. फोटो तुमच्या पाटीचा,
नळी त्या नव्या गाडीत."
मी नाही म्हटलं,
इतक्या मोठ्याने की रांगेतला रिक्षावाला वळला.

दिवा लागला म्हणून दिव्याला गेले,
दिवा गावात, खाडीच्या अंगाला,
बाळाराम मढवीकडे.
त्याने स्टिअरिंगखाली वायर जोडली, कोड वाचला,
पट्टी उचकटली, आणि बराच वेळ काही बोलला नाही.

"यंत्र सांगतंय पेट्रोल कमी पडतंय.
पीयूसी सांगते, जास्त होतंय.
दोन साक्षीदार, दोन जबान्या."
सेन्सर बदलू या का, मी विचारलं.
"नाय. नाकाला कशाला शिव्या?
नाकाला काय हुंगवलं, ते बघू.
गाडी रात्रभर ठेवा.
लोखंड तापलं की फुगतं, भेग मिटते,
मग चोरसुद्धा साव.
थंड असते तेव्हाच ही खरं बोलते."

सकाळी साडेसहा.
पोऱ्याने सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबलं.
बाळारामने बायकोच्या भांड्यांच्या साबणाचं पाणी
बाटलीतून फवारलं, चावी फिरवली.
टिक टिक टिक,
कुणी नखाने पत्रा वाजवावा तसं.
आणि इंजिनाच्या कुशीत, ओतीव नळीच्या वळणावर
फुगे.
लहान, इंद्रधनुषी, निर्लज्ज फुगे.
केसाएवढी भेग.

"धुराचा झोका पुढे गेला
की ही मागून बाहेरची हवा ओढते.
पुढे बसलेल्या नाकाला वाटतं, स्वच्छ आहे सगळं,
उपाशी आहे बिचारी.
ते मेंदूला कळवतं, मेंदू वाढत राहतो.
वाढा. अजून वाढा.
पोट फुटायला आलं तरी वाढा."

तो हसला. मी हसले नाही.

मंगळवारी तपासणीवाले यायचे आमच्याकडे.
सोमवारी रात्रीच धुराड्याखालची झडप
चार बोटं उघडी ठेवायचे कुणीतरी.
कोण, ते मी विचारलं नाही.
सकाळी शिडी चढायचे, नळी लावायचे,
काटा स्थिर होईपर्यंत थांबायचे,
मग स्वच्छ अक्षरात लिहायचे: मर्यादेत.
खाली सही.
आकडा खरा होता.
हवा बाहेरची होती.

खाली वस्तीतल्या बायका पहाटे खोकायच्या.
शिडीवरून ऐकू यायचं.

नळी उतरवली, भेग सांधली, नवं गॅस्केट.
सोळाशे रुपये, चहा त्याच्याकडून.
दिवा मात्र पुसला नाही त्याने.
"पुसणं सोपं आहे. तिचं तिला विझू दे."
चौथ्या दिवशी कोपरखैरण्याच्या वळणावर
कासव गेलं.
पट्टीचा डिंक काचेवर तसाच आहे,
त्यावर धूळ बसते, चौकोनी.

काल पुन्हा पीयूसी.
शून्य पूर्णांक एक दोन.
कागद हातात घेतला, आकडा दोनदा वाचला,
आणि सवयीने खाली उजवीकडे
माझ्या सहीची जागा शोधली.