धूर मोजायचा राहिला

पान चुरगळलं की वास बोटांना चिकटतो,
साबणाला न जुमानणारा.

गोंदरच्या वरच्या अंगाला, दबातच्या वाटेवर,
टिंजुटचं झुडूप कुणी लावलेलं नसतं.
येशीमाबेत विळ्याने डहाळी छाटते,
निखाऱ्यावर टाकते,
आणि मडकं पालथं धरते त्या धुरावर.
आतून धुरी बसली, की मगच त्यात तेल्ला.
"मडकं जुनं आंबलेलं धरून ठेवतं," म्हणते,
"आधी ते सोडवायचं."

मी दोन पोती पाला अदिसला आणला.
सावलीत वाळवला, उन्हात तेलं उडतात म्हणून.
दळला. मेथॅनॉलमध्ये तीन दिवस भिजवला.
दुसऱ्या रात्री वीज गेली, हलवायचं यंत्र थांबलं,
तेव्हा चंबू मांडीवर घेऊन
पहाटेपर्यंत हातानेच हलवत बसलो,
लेकरू किरकिरं असावं तसा.

फेरिक क्लोराइडचा एक थेंब:
अर्क निळाकाळा. टॅनिन आहे.
नळी जोरात हलवली, फेस आला,
दहा मिनिटं बसेना. सॅपोनिन.
फ्लेव्होनॉइड पिवळं, लगेच ओळख देणारं.
अल्कलॉइडपुढे वहीत एकच अधिक चिन्ह,
तेही पेन्सिलीने.
आणि काचपट्टीवर, खालून तिसरा,
एक जांभळट ठिपका
जो कुठल्याच तक्त्याशी जुळला नाही.
त्याला मी सात नंबर म्हणतो.

उंदरांच्या रक्तात हिवतापाचे जंतू
चौथ्या दिवशी निम्म्यावर आले.
ज्यांना नुसतं पाणी पाजलं होतं
त्यांच्याबद्दल मी घरी बोललो नाही.

सणाच्या सुट्टीत वर गेलो, आलेख घेऊन.
तिने कागद उलटा धरला, मग सुलटा.
"थोरला मेतेमाहून तीळ कापून आला
तेव्हा तापाने फणफणला होता.
पाल्याचा रस दिला. उठला.
धाकट्यालाही तोच दिला."
पुढे काही बोलली नाही.
दोन माणसं, एक पाला.
माझ्या वहीत याला नमुना अपुरा म्हणतात.

मग तिने विचारलं,
"अंदुआलेम, तू जाळलास कधी?"
"काय?"
"पाला. नुसता भिजवलास म्हणतोस.
मग धूर कुठून आणलास?"

चार वर्षं. सहा द्रावकं.
एकदाही काडी ओढली नव्हती.
निखाऱ्यावर काय तुटतं, काय नव्याने जुळतं,
सात नंबर तिथे उरतो की नाही,
यातलं काहीच मला सांगता येईना.
प्रबंधात मी लिहिलं होतं:
'स्थानिक लोक धुरीसाठी वापरतात.'
एक ओळ. पूर्णविराम.

ती आत गेली. डहाळी चरचरली,
डोळ्यांना पाणी आलं, दोघांच्याही.
मी खिशातली रिकामी कुपी काढली,
बूच उघडून त्या धुरात धरली,
आणि लगेच कळलं, की हे हसण्यासारखं आहे.
ती हसलीच.

मडक्यातून तिने पेला भरला.
घोट कडवट, जळक्या लाकडासारखा, मागे थोडा गोड.
जिभेवर किती वेळ धरला,
घड्याळ पाहिलं नाही.