शिशाची आठवण

गाडी एकच होती, भाऊ दोन.
एकसष्ट सालची व्होल्व्हो, पाठीला कुबड,
रंग ओल्या शेवाळाचा.
आजीच्या मागे ती दोघांच्या नावावर आली
आणि वाटणी झाली आठवड्यांची :
सम आठवडे बाबांचे, विषम एव्हर्टकाकांचे.
आमच्या ओंगरमानलांडात आठवडे नंबरानं ओळखतात,
त्यामुळे भांडायला तारीख लागत नाही.

ज्या वर्षी त्रेपन्नावा आठवडा निघाला
आणि त्याला लागून पहिला,
म्हणजे लागोपाठ दोन विषम,
तेव्हा बाबा चौदा दिवस
बर्फ उपसण्यापलीकडे काही बोलले नाहीत.

बाबा सोलेफ्तेओपर्यंत जायचे पेट्रोलला,
चाळीस किलोमीटर,
कारण अठ्ठ्याण्णव तिथेच मिळायचं,
लिटरमागे दोन क्रोना जास्त मोजून.
‘ऑक्टेन म्हणजे काय गं?’ मला विचारायचे
आणि उत्तरही स्वतःच द्यायचे : ‘धीर.
दाब कितीही वाढो,
ठिणगी पडेपर्यंत पेटायचं नाही.
काहींना नाही जमत.’
काहींना म्हणजे काकांना.

काका गावच्याच पंपावर भरायचे साधं पंच्याण्णव,
जिथे माणूस नाही, नुसता कार्ड गिळणारा खांब.
मग कोटाच्या आतल्या खिशातून बाटली.
खोकल्याच्या औषधाचं झाकण डोळ्यांसमोर धरून
पस्तीस लिटरला पस्तीस मिलिलिटर,
थेंब वर नाही, थेंब खाली नाही.
‘हिचा जन्म शिशावरचा.
सरकारनं शिसं बंद केलं, चांगलंच केलं,
पण हिला विचारलं कुणी?
व्हॉल्व्ह आपटतात त्या जागा मऊ बिडाच्या आहेत, सिक्स्टन.
धीर पाजून झीज थांबत नसते.’

त्यांचं पटायचं ते टाकीत.
सोमवारी किल्ली या हातातून त्या हातात गेली
की तळाशी याचं उरलेलं, वर त्याचं नवं,
आणि गाडी दोघांचं मिळून जे काही झालं असेल
त्यावर मुकाट चालायची.

काका गेले तेविसाव्या आठवड्यात.
किल्ली त्यांच्या कोटात सापडली, बाटलीही,
अर्धी.

त्यानंतर बाबा सम आठवड्यांतच गाडी काढत.
विषमात दवाखान्यालासुद्धा बसनं.
मी म्हटलं, आता तुमचीच की सगळी.
‘सदतिसावा चालू आहे,’ म्हणाले,
आणि बटाटे सोलत राहिले.

मग एका सम आठवड्यात ती घाटीवर बंद पडली.
मेर्तानं इंजिन उघडलं, डोकं उचलून बाकावर ठेवलं,
टॉर्च मारून बराच वेळ आत बघितलं.
बाबा दारात उभे, टोपी हातात,
निकाल ऐकायला आल्यासारखे.

‘जागा ठणठणीत आहेत,’ ती म्हणाली.
‘पूर्वीचं शिसं मुरलंय यांच्यात.
शिशाची आठवण म्हणतात आमच्यात,
ती बरीच वर्षं पुरते.’
‘म्हणजे अठ्ठ्याण्णवानं नाही?’
‘नाही.’
‘त्याच्या बाटलीनंही नाही?’
‘वर्षाला चालवता किती?’
‘नऊशे किलोमीटर.’
मेर्ता हसली, चिंधीला हात पुसले.
‘एवढ्यात काय झिजतंय?’

खराब झालं होतं ते वेगळंच :
पेट्रोलची रबरी नळी, बोटभर जाडीची,
सगळी भेगाळलेली.
जे कुणी जे काही भरलं ते तिच्यातूनच गेलं,
आणि तिच्याकडे बघितलं नव्हतं
दोघांपैकी एकानंही.
नवी बसली एकशे दहा क्रोनांत.

परवा एक्केचाळिसावा होता.
मी खिडकीतून पाहिलं, गाडी अंगणात नव्हती.
सायकल घेऊन पंपावर गेले तर
बाबा त्या खांबाशी हुज्जत घालत होते,
कार्ड उलटं लागलं होतं.
मी सुलटं करून दिलं.
त्यांनी पंच्याण्णव भरलं. मग झाकण काढलं,
चष्मा कपाळावर सरकवला,
हात थरथरला आणि चमचाभर रंगावर सांडलं.

बाहीनं पुसत म्हणाले,
‘हा किती घालायचा गं, पस्तीस ना?’