उभी दांडी

शिकवणीच्या कंपनीनं लोकेंद्रला टॅब दिला होता,
निळ्या पिशवीत, हप्त्यांवर.
कंपनी बुडाली. हप्ते नाही बुडाले.
टॅब उघडला की एकच बाई हसत म्हणायची,
"चला, आजचा धडा सुरू करू या!"
धडा काही सुरू व्हायचा नाही.
दोन वर्षं तो आमच्या खानावळीत
तिखटाच्या डब्यावर झाकण होता.

मग बुटीबोरीहून नाइट उतरून
जेवायला आलेल्या नंदनवारच्या पोरानं
त्यातली बाई पुसली.
"काकू, आता यात लिनक्स आहे. चित्रं नाहीत,
बोटानं सरकवायचं नाही.
सांगाल तेवढंच करते, न सांगता काहीच नाही."
म्हटलं, असा माणूस गोळीबार चौकात
दाखव बे मले एक.

काळा पडदा. कोपऱ्यात एक चौकोन लुकलुकतो,
गिऱ्हाईक बसलंय आणि काय मागवावं सुचत नाही, तसा.
दुपारी सेहेचाळीस. कूलरचा पंप घरघरतो,
टॅब तापला की मी त्याला
माठाच्या ओल्या फडक्याला टेकवून ठेवते.
एक जीबीचा जीव. पण पळतो,
अंगावर काही ओझंच नाही त्याच्या.

उधारीची वही उतरवायला बसले.
आई, पार्बता निमजे, हिला अक्षर येत नव्हतं.
तिच्या वहीत चष्मा म्हणजे पराते मास्तर,
मिशी म्हणजे हवालदार,
चाक म्हणजे सोनकुसरे रिक्षावाला,
आणि पुढे दांड्या. एक ताट, एक दांडी.
तिची सगळी चित्रं, याची सगळी अक्षरं,
मधे मी, कीबोर्डवर एका बोटानं.
आईचं नाव लिहिलं तर रफार सुटून
भलत्याच डोक्यावर बसला.
"दिसायला मोडते," पोरगा म्हणाला, "आत बरोबर आहे."

ग्रेप म्हणजे चाळणी. सॉर्ट म्हणजे लावून ठेवणं.
दोघांच्या मधे उभी रेघ, तिला पाइप म्हणतात,
इकडचं तिकडे देते,
चुलीजवळून ताट बाहेर जावं तसं.
पोथीत दांडी आली की वाचणारा थांबतो.
आईच्या वहीत दांडी आली
की कोणीतरी जेवलं.

मिशी चाळली: तीनशे वीस, माणूस बदलीवर गडचिरोलीला.
चाक: फेडलं, उलट आठ रुपये आपल्याकडेच निघतात.
मास्तर वारले, त्यांची ओळ मी तशीच ठेवली.
राहिली एक छत्री.
छत्री कोण, मला माहीत नाही.
आई असताना विचारलं नाही.
भर मे महिन्यात छत्री घेऊन येणारा कोण असेल?
चौदा ताटं, आणि शेवटची दांडी अर्धीच,
जेवता जेवता उठून गेल्यासारखी.

रात्री भांडी आटोपल्यावर टाइप केलं,
छत्री, पुढे एक दांडी,
आणि एंटर.
वाटलं, आता ओरडेल, चूक दाखवेल.
काही नाही. खालच्या ओळीवर
एक बारीकसा कोन उमटला, उजवीकडे तोंड करून.
पोराला फोन लावला. ड्यूटीवर होता,
मागे मशिनींचा आवाज.
"काकू, दांडीनंतर अजून काही यायचं आहे
असं वाटते त्याला. वाट पाहून राह्यला तो.
कंट्रोल-सी दाबा, सोडून देईल."

दाबलं नाही.
चार्जर लावला,
फडकं पुन्हा ओलं केलं.