राखेचा तळ

युरेका, नेवाडा. गावाच्या कडेला
काळ्या मळीचा डोंगर. वाऱ्याला अजून
शिशाची चव लागते म्हणतात. मला लागली नाही.

भट्टीच्या जुन्या हिशेबवहीत, अठराशे अठ्ठ्याहत्तर,
धोब्याला नाव नाही: ‘चिनी. कपडे. दोन डॉलर.’
नाव मीच देते, मोय युकतीन.
झारेकऱ्यांच्या घरात वाढले मी,
सोनारांचा केर विकत घेऊन धुणारी माणसं आमची.
केरात नाव शोधायचा एवढा हक्क असावा.

खाणीत त्याला मज्जाव. खाली उतरणारे हात
गोरेच हवेत, असा मजुरांचाच ठराव.
साहेबाचे सदरे मात्र येत त्याच्याकडे,
कोपराशी करपलेले, आणि एका बाहीवर
पिवळट भुकटी. त्याने चिमटीत धरली, चोळली.
मुरदाडशिंग!
आज्याच्या भट्टीतून हेच निघे पोत्यांनी,
कुंभार येऊन न्यायचे, झिलईसाठी.

म्हणजे इथेही तेच.
एवढी धुराडी बांधून, एवढे घोडे जुंपून
तेच: शिशाला चांदी गिळायला लावायची
आणि मग शिसं राखेत मुरवायचं.

त्या रात्री इस्त्रीच्या चुलीतली राख
त्याने चाळली, भिजवली, अंगठ्याने दाबत
खळगा केला. आजा त्या भट्टीला बेडूक म्हणे:
फुगतो, डोळे मिटतो, कुणाला सांगत नाही.
मळीच्या ढिगावर विसरलेली शिशाची ढेपळं आत.
बांबू कुठला तिथे? फुंकणीला
मोडक्या बंदुकीची नळी.

पहाटेपर्यंत फुंकत होता.
शिसं धुरकटलं, कडेकडेने
राखेत उतरत गेलं, पंगतीतून एखादा
न सांगता उठून जावा तसं.
मग वर रंग धावले, पातळ साय,
ती फाटली
आणि बेडकाने डोळा उघडला.

वाटाण्याएवढा. चोख.

पुढे त्याचं काय झालं, ठाऊक नाही.
विकला असेल. किंवा ठोकून, दोन भोकं पाडून
साहेबाच्या सदऱ्याला शिवला असेल,
वरून तिसरा, पोटावर, जिथे कुणी बघत नाही.
मी हेच धरून चालते, कारण
पुढच्या महिन्याच्या ओळीत, त्याच शाईत:
‘चिनी. कपडे. एक बटण वेगळं.
पन्नास सेंट कापले.’