पाव पाणी

महिन्याचा शेवटचा रविवार, संध्याकाळी पाच.
गणपती पेठेत इलाही मुल्लाच्या पंपदुरुस्तीच्या दुकानावरची खोली.
जिन्याच्या सातव्या पायरीवर पुराची खूण,
तिच्या वर अकरा सभासद, नऊ खुर्च्या
आणि शेजारच्या वखारीतून चढत आलेला हळदीचा वास.
इतिवृत्त मी लिहितो.
वीज मंडळात तीस वर्षं मीटर वाचले,
म्हणजे अक्षर बरं असणार, असं ठरलं.

विषय पहिला : चिन्मयी बिरनाळेचे गप्पी.
डासांसाठी डबक्यात सोडतात ते नव्हेत,
शेपटीला पंखा असलेले.
चाळीसाचे एकशे बारा झाले.
पिशवीत पाणी, हवा, चार-चार जीव, तोंडाला रबर.
ज्यानं त्यानं आपली पिशवी
सराफासारखी उजेडाकडे धरली.
विषय दुसरा : नळाला पुन्हा क्लोरिनचा वास.
तिसरा विषय नव्हताच.
महादेव कोष्टी मध्येच म्हणाला,
उपाध्येची खुर्ची तशीच ठेवायची का?

उपाध्ये म्हणजे दिवेलागणीआधी जेवणारा माणूस,
आणि पाळला काय, तर ऑस्कर,
जो शेजाऱ्याला गिळून मोकळा होतो.
आम्ही हसायचो. तो उकडलेले मटार
सोलून, दोन फाका करून, पाण्यात सोडायचा.
सोबत बाजारातल्या गोळ्या.
त्या कशाच्या असतात हो, कुणी विचारलंच तर
डब्यावरची बारीक अक्षरं दाखवायचा :
चष्मा सापडेना बघा.

तो गेल्यावर महिन्यानं आम्ही विश्रामबागेत गेलो,
दोन बादल्या, जाळी, सेलवरचा पंप घेऊन.
ठराव झाला होता :
मासा इलाहीकडे, चार फुटी टाकी विकायची,
पैसे त्रिशलाताईंना.
मासा कोपऱ्यात, दगडासारखा.
इलाहीनं काचेवर टिचकी मारली, हलला नाही.
ताई चहा आणायला उठल्या.
पायांत त्याच्या रबरी चपला, दोन नंबर मोठ्या,
फरशी गार लागते म्हणून.
फटक, फटक.
मासा वळला
आणि काचेला तोंड लावून उभा राहिला.

चहा निवला.
मग त्यांनी विचारलं, पाणी कधी बदलायचं असतं?
इलाही म्हणाला, आठवड्याला. पण पाव.
बाकीचं जुनं राहू द्यायचं.
स्वच्छ करायच्या नादात सगळं ओतलं
की मासा जातो.
जुन्यात काय असतं?
इलाही पंपातला माणूस, त्याला बोलता येत नाही.
म्हणाला, दिसत नाही. पण असतं.

आम्ही रिकाम्या बादल्या घेऊन परत आलो.
'ठराव रद्द' एवढंच लिहिलं.

काल ताई सभेला आल्या,
पहिल्यांदाच, आणि वेळेआधी.
नळी तोंडानं ओढताना पाणी घशात गेलं
ते हसत सांगितलं.
चिन्मयीनं त्यांना चार गप्पी देऊ केले,
मग ऑस्कर आठवून परत घेतले.
नंतर पिशवीतून त्यांनी तो डबा काढला.
वाचला मी हा, म्हणाल्या.
यांना माहीत होतं का हो?

खाली कुणीतरी मोटर चालू करून पाहत होतं.
सगळे माझ्याकडे बघत होते,
कारण लिहितो मी.

दोन वर्षांपूर्वी याच खोलीत
त्यानं माझा चष्मा मागून घेतला,
डबा फिरवून फिरवून वाचला,
झाकण घट्ट लावलं
आणि पुन्हा मटार सोलत बसला.

हे मी इतिवृत्तात घेतलं नाही.